डबा बरोबर घ्या

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीच्या सहली' या विषयावर लिहायला सांगितलं आणि वर "काका, आकडे कमी आणि गमती जास्त" अशी तंबीही दिली. सगळी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाला ही तंबी जरा जड जाते. सहलींच्या हिशेबाची निळी वही अजून माझ्याकडे आहे. तिची पानं चाळताना लक्षात आलं की आपल्या सहलींचा इतिहास लिहायचा तर आपल्या परिसराचाही लिहावा लागेल. दोन्ही एकमेकांत गुंतलेत.

सुरुवात मात्र चांगली नव्हती. सोसायटीची नोंदणी होऊन वर्ष झालं होतं. खजिनदार मी. कमिटीने ठरवलं की सर्वांनी मिळून वॉटर पार्कला जायचं, लक्झरी बस करून. वर्गणी ठरवली, नोटीस लावली. चोवीसपैकी नऊ कुटुंबांनी नावं दिली आणि बाकीच्यांना उत्साह नाही असं आम्ही मीटिंगमध्ये बोललोसुद्धा. बस निघाली तेव्हा वरच्या मजल्याच्या गॅलरीत दोन मुलं उभी होती, भाऊ-बहीण. मी खालून हात केला, त्यांनी केला नाही. दोन दिवसांनी त्यांचे वडील जिन्यात भेटले. एमआयडीसीत कंत्राटी कामाला होते. म्हणाले, "साहेब, चार माणसांची वर्गणी म्हणजे आमचा पंधरा दिवसांचा बाजार. पोरांना सांगितलंय, कुणी विचारलं तर ताप होता म्हणून सांगा."

मला त्या रात्री झोप लागली नाही. बँकेत कर्जाच्या अर्जावर मी रोज माणसांची ऐपत तपासत होतो, आणि माझ्याच जिन्यातल्या माणसाची तपासली नाही. पुढच्या मीटिंगला मी तीन अटी मांडल्या. वाहन एसटी किंवा रेल्वे. जेवण घरचा डबा. आणि तिकीट नसलेली किंवा नावापुरतं तिकीट असलेली जागा. "मग काय धाटावात फिरायचं का?" असं एकाने विचारलं. सगळे हसले. पण प्रश्न खरा होता. आपल्या मुलांना धाटाव म्हणजे कारखान्यांचे भोंगे, शिफ्टच्या बसेस आणि पावसाळ्यातला तो वास, एवढंच माहीत होतं. मला तरी कुठं जास्त माहीत होतं!

पहिली सहल अवचितगडाची झाली, कारण तो रोह्यातून दिसतो. हजारेक फुटांचा डोंगर, दाट झाडी, मेढे गावाच्या बाजूने वाट. वर मुलांनी बारा कोनांचं टाकं मोजून पाहिलं, एकदा अकरा आले, एकदा तेरा. महादेवाच्या देवळाजवळ डबे सोडले. बुरुजावर एक मराठी शिलालेख आहे, शालिवाहन शके 1718, नल नाम संवत्सर. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं, एवढं मी मुलांना सांगितलं आणि त्यांनी 1796 काढलं. म्हणजे उत्तर पेशवाईतला. गड शिलाहारांच्या काळापासूनचा मानतात, शिवाजी महाराजांनी तो दुरुस्त केला. आपल्या भोवतीचे तळगड आणि घोसाळगड हे तर 1665 च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेल्यावर महाराजांकडे राहिलेल्या थोड्या किल्ल्यांतले. शाळेत आपण गेलेल्या किल्ल्यांची नावं पाठ केली. राहिलेले दोन रोजच्या बाजाराच्या अंतरावर होते, ते कुणी सांगितलं नाही.

त्या सहलीचा माणशी खर्च वहीत लिहिला आहे, अकरा रुपये. गॅलरीतली दोन्ही मुलं होती. त्यांची आई निघताना माझ्या सौभाग्यवतीला म्हणाली, "वहिनी, भाकरी जास्त घेतल्यात, कुणाला कमी पडली तर."

पण मला सर्वांत आवडलेली जागा कुडा. तळे-मांदाडच्या बाजूला खाडीवरच्या डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत, सव्वीस. सुरुवातीची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्यगृहाशी दगडी हत्ती आहेत आणि बुद्धाच्या काही मूर्ती नंतरच्या काळात कोरलेल्या आहेत. गर्दी नाही, फेरीवाले नाहीत. पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्ध्या तासात मुलांचं 'झालं पाहून' झालं आणि लपाछपी सुरू झाली. मला वाईट वाटलं. नुसतं दाखवून उपयोग नाही, आधी वाचून जायला हवं. मग रोह्याच्या आणि अलिबागच्या वाचनालयांत बसलो.

तिथल्या शिलालेखांत राजांपेक्षा साध्या माणसांची नावं जास्त आहेत. या भागात तेव्हा महाभोज घराण्याची सत्ता होती, त्यांचा उल्लेख येतोच. पण लेणं खोदायला पैसे देणाऱ्यांत कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे, माळी आहे, वैद्य आहे. आणि माझा सर्वांत आवडता, शिवभूती नावाच्या लेखकाचा धाकटा भाऊ शिवम. लेखक म्हणजे कथा-कादंबरीवाला नव्हे. दरबारी लिहिणारा, म्हणजे आमच्याच जातकुळीतला कारकून! शिवमने लेणं दिलं, त्याची बायको विजया आणि मुलगे यांनी कोरीवकामाचा खर्च केला आणि मुलींनी खांब दिले. प्रत्येकाचं नाव दगडात आहे, मुलींचंसुद्धा.

दुसऱ्या वेळी हे सांगितलं तेव्हा लपाछपी झाली नाही. ती गॅलरीतली मुलगी तेव्हा सहावीत होती. तिने विचारलं, "काका, सगळ्यांनी मिळून वर्गणी काढली होती का?" म्हटलं, हो, ज्याला जेवढं जमलं तेवढं. त्यावर ती काही बोलली नाही. प्रत्येक खांबाला हात लावत मात्र गेली.

ग्रीक खलाशाच्या जुन्या प्रवासवर्णनात 'मंदगोरा' नावाचं बंदर येतं, ते म्हणजे आपलं मांदाड असं काही अभ्यासक मानतात. त्याच वर्णनातलं 'सेमिल्ला' म्हणजे चौल. चौलच्या माणसांची दानं थेट कान्हेरीच्या लेण्यांत नोंदलेली आहेत. म्हणजे हा भाग आडबाजूला कधीच नव्हता. आपण तो आडबाजूला समजलो.

चौल-रेवदंडा आपल्याच नदीच्या मुखाशी. धाटावशेजारून वाहणारी कुंडलिका तिथे समुद्राला मिळते, हे मुलांना नकाशावर दाखवलं होतं, पण साळावच्या पुलावर उभं राहिल्यावर ते खरं वाटलं. पलीकडे रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, अलीकडे कोर्लईचा किल्ला. 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण कोर्लई गावातल्या काही ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली अजून आहे. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. एका आजींनी मुलांना त्या भाषेत चार वाक्यं म्हणून दाखवली आणि वर कोकम सरबत दिलं. अशा गोष्टीला कुठे तिकीट लागतं? रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन प्रवाशाचं स्मारक आहे. वास्को-द-गामाच्या आधी जवळपास तीस वर्षं तो चौलला उतरला होता.

नदीच्या दुसऱ्या टोकाची, भिऱ्याची सहल काही जणांना रुक्ष वाटली, पण मी ती आग्रहाने ठेवली होती. टाटांचं भिऱ्याचं जलविद्युत केंद्र 1927 चं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून नळांतून खाली येतं, वीज करतं आणि कुंडलिकेत सोडलं जातं. एरवी कोकणातल्या नद्या मार्चला आटतात, आपली वाहती राहते ती यामुळे. कोलाडला सकाळी रबरी होड्यांतून जो थरार चालतो तोही त्याच सोडलेल्या पाण्यावर. (तो आपल्या तीन अटींत बसत नाही. आम्ही काठावरून पाहिला, फुकट.) आणि हे पाणी ज्या धरणातून येतं त्यात मुळशी पेट्यातली गावं बुडाली. त्यासाठी 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तो हरला. हे सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, "मग ते लोक कुठे गेले?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

त्याच वर्षी, म्हणजे 1927 मध्ये, 20 मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी आपल्या सहकाऱ्यांसह ओंजळीत घेतलं. महाडची सहल आम्ही रेल्वेने केली. आपल्या रोह्याला कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर आहे आणि या मार्गावरचा रोहा ते वीर हा टप्पा 1993 मध्ये सुरू झाला. वीरला उतरून पुढे महाड. कायदे कौन्सिलने 1923 मध्येच सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी तळं खुलं असल्याचं जाहीरही केलं होतं, तरी तिथे जाऊन पाणी पिण्यासाठी सत्याग्रह लागला. तळ्याच्या पायरीवर सगळी मुलं एका ओळीत बसली होती तो फोटो क्लब रूममध्ये लावला आहे. महाडजवळची गांधारपाले लेणीही त्याच दिवशी झाली.

अलिबागला फजिती झाली ती सर्वस्वी माझी चूक. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं एवढंच मला ठाऊक. पोहोचलो तो भर भरतीला. सव्वीस माणसं, होडीचा खर्च वहीत तांबड्या शाईने लिहावा लागला. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेले एक कोळी आजोबा म्हणाले, "बँकेत होतात ना? मग हिशेब करा की. तिथीला तिनानं गुणा नि चारानं भागा, येईल तेवढ्या वाजता भरती." अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाला भरती म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. त्यानंतर अलिबागची सहल आम्ही सप्तमी ते नवमी यांतच ठेवली आणि तांबडी शाई पुन्हा लागली नाही. तिथली चुंबकीय वेधशाळाही बाहेरून पाहिली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी वेधांत अडथळा येईल, म्हणून कुलाब्याचं हे काम 1904 पासून अलिबागला आलं.

म्युझियम मात्र एकच पाहिलं, भायखळ्याचं. दिवा गाडीने जाऊन, लोकल बदलून. राणीची बाग आणि आतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एकाच फेरीत होतं. 1872 मध्ये लोकांसाठी उघडलेली ती वास्तू. आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. कुड्याचे हत्ती पाहिलेल्या मुलांनी "आपले जास्त चांगले" असा निकाल दिला. जाणाऱ्यांसाठी सूचना, बुधवारी दोन्ही बंद असतं.

बाकी फणसाडला शेकरू दिसलं, पालीला गणपती आणि उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं झाली, गागोद्याला विनोबांचं जन्मगाव पाहिलं. रोह्यातल्या रोह्यात मी मुलांना चिंतामणराव देशमुखांबद्दल सांगत असे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ज्यांची सही नोटेवर होती, ते तळे आणि रोह्याच्या शाळांत शिकले. यात माझा पेशागत अभिमान होता हे कबूल.

करोनात सहली थांबल्या त्या थांबल्याच. आता प्रत्येक दारात गाडी आहे, आणि रविवारी मुलं कामोठ्याला किंवा पनवेलला मॉलमध्ये जातात. जावं, माझी तक्रार नाही. पण मागच्या महिन्यात 'बी' विंगमधल्या एका ताईंनी हळूच विचारलं, "काका, ती अकरा रुपयेवाली सहल परत होणार का?" त्यांचे यजमान सध्या घरीच आहेत, कारखान्यात ब्रेक दिलाय. मी निळी वही काढली.

तर दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी कुडा. रोहा स्टँडवरून सकाळी एसटीने. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना कुठेच तिकीट नसतं, आणि कुड्याला मोठ्यांनाही आम्हाला कधी लागलं नाही. नावं वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत लिहावीत, वर्गणीचा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही. ज्यांना जास्त द्यायचं असेल त्यांनी माझ्याकडे पाकिटात द्यावं, नाव लिहू नये. शिलालेख वाचून दाखवायला ती गॅलरीतली मुलगी पुण्याहून येणार आहे, तिच्या लेकासह. माझे गुडघे आता चढ मानत नाहीत, मी पायथ्याशी सर्वांचे डबे सांभाळत बसेन. भाकऱ्या दोन जास्त घ्याव्यात.