जबड्याच्या हाडाचा कर्करोग : लवकर निदान

जबड्याच्या हाडातच उगम पावणाऱ्या कर्करोगांत ऑस्टिओसार्कोमा प्रमुख आहे. तंबाखूमुळे गालाच्या आतल्या बाजूस किंवा हिरडीवर सुरू होऊन पुढे हाडात उतरणारा कर्करोग वेगळा. महाराष्ट्रात तोच कितीतरी जास्त दिसतो. ऑस्टिओसार्कोमाच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे ६ ते ७ टक्क्यांत तो जबड्यात असतो. हातापायांच्या हाडांत तो बहुधा किशोरवयात होतो, जबड्यात मात्र तिशीच्या आगेमागे. पूर्वी त्या भागाला किरणोपचार झाले असल्यास धोका वाढतो.

रुग्ण पहिल्यांदा जातो तो दंतवैद्याकडे, आणि निदान लांबते तेही बहुतेक तिथेच. दाढ हलते, ठणकते, जबडा थोडा सुजतो. दाढ काढली जाते. मग खड्डा भरत नाही, उलट त्यातून मांस वर येते. किडीचे किंवा पूचे कारण नसताना खालचा अर्धा ओठ व हनुवटी बधिर होणे हे याहून गंभीर लक्षण. भुलीचे इंजेक्शन दिल्यासारखे वाटते, चहाचा कप ओठाला एकाच बाजूने लागतो. हाडातून जाणारी चेता दाबली गेल्याची ती खूण असते.

क्ष-किरण चित्रात दाताच्या मुळाभोवती केसासारखी बारीक काळी रेघ दिसते. एक-दोन दातांपुरतीच ती मुळाच्या दोन्ही बाजूंना सारखी रुंदावली असेल, तर संशय घ्यावा. गॅरिंग्टन व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ५६ रुग्णांच्या अभ्यासात याकडे लक्ष वेधले. म्हणून ही गॅरिंग्टनची खूण. पाठ्यपुस्तकांतली सूर्यकिरणांसारखी हाडाची रेखाटणी प्रसिद्ध खरी, पण तिची वाट पाहत बसू नये.

रोगाची व्याप्ती सीटी व एमआरआयवरून कळते. फुप्फुसांसाठी छातीचा सीटी काढतात. निश्चित निदान बायोप्सीनेच होते. तुकडा खोलवरचा हवा. वरवरच्या तुकड्यात नुसती सूज सापडते. कर्कपेशी स्वतः कोवळे हाड तयार करताना दिसणे ही कसोटी. जबड्यातल्या गाठीत कूर्चेचा भाग पुष्कळदा जास्त असतो, त्यामुळे लहान तुकडा फसवतो. तो क्ष-किरण चित्रासह पाठवणे केव्हाही बरे.

हा रोग हातापायांतल्यापेक्षा फुप्फुसांत कमी पसरतो, पण जागच्या जागी उलटतो. त्यामुळे भोवतीच्या निरोगी हाडासह गाठ पूर्ण काढणे महत्त्वाचे ठरते. वरच्या जबड्यात डोळ्याची खोबण व कवटीचा तळ जवळ असल्याने गाठ वाढल्यावर ते अवघड होते.