शर्यतीच्या विमानांतील तेलाची परतवाट

एंजिनाला तेल पाजणें सोपें. पाजलेलें तेल परत गोळा करणें अवघड. मोटारीच्या साध्या एंजिनांत तेल तळाच्या पात्रांत पडतें व पंप तें तेथूनच पुन्हां वर चढवितो. वेग फार वाढला म्हणजे हीच सोय नडते. मिनिटाला हजारों फेरे घेणारा क्रँकशाफ्ट खालचें तेल रवीसारखा घुसळतो. फेस होतो, शक्ति फुकट जाते, आणि विमान कलंडलें कीं पंपाच्या तोंडाशीं तेलाऐवजीं हवा येते. तेलावांचून बेअरिंगचा धातु थोड्याच वेळांत वितळूं लागतो. म्हणून अशा एंजिनाचा तळ कोरडा ठेवतात. पडेल तें तेल निराळे पंप तत्काळ उपसून दूरच्या टाकींत नेतात. हे पंप पुरवठ्याच्या पंपापेक्षां मोठे लागतात, कारण त्यांच्या वांट्याला निव्वळ तेल येत नाहीं, फेस येतो.

ह्या व्यवस्थेची कसोटी श्नायडर चषकाच्या शर्यतींत लागली. १९२७ व १९२९ सालीं चषक ब्रिटननें जिंकला होता. तिसरा विजय मिळतांच तो कायमचा मिळावयाचा होता. १९३१ सालीं सरकारनें खर्च नाकारला, तेव्हां लेडी ह्यूस्टन ह्या धनाढ्य बाईंनीं १ लाख पौंड दिले. विमानाचा आराखडा मिचेल यांचा, एंजिन रोल्स-रॉइस ‘आर’, १२ सिलिंडरांचें. १९२९ सालीं सुमारें १,९०० असलेली त्याची अश्वशक्ति आतां सुमारें २,३५० झाली होती.

एवढें तापलेलें तेल निववावें कोठें? बाहेर रेडिएटर टांगला तर वाऱ्यास अडथळा. मिचेल यांनीं विमानाचें अंगच कामाला लावलें. उपसलेलें तेल धडाच्या दोन्ही कुशींवरील चपट्या मार्गांनीं शेपटाकडे जाई. शेपटावरचा उभा पंख आंतून पोकळ होता; तीच टाकी. माथ्याशीं सोडलेलें तेल पत्र्याच्या आंतल्या अंगानें, पिंडीवरच्या अभिषेकासारखें, ओघळत उतरे, गाळलें जाई आणि पोटाखालून एंजिनाकडे परते.

१३ सप्टेंबर १९३१ रोजीं बूथमन यांनीं ताशीं ३४० मैलांच्या सरासरीनें चषक जिंकला. प्रतिस्पर्धी कोणी आलेच नव्हते. तरीहि पाणी फार तापूं नये म्हणून त्यांना एंजिन आवरूनच चालवावें लागलें. २९ तारखेस त्याच विमानांतून स्टेनफर्थ यांनीं ताशीं ४०० मैलांची मर्यादा ओलांडली. तें विमान लंडनच्या सायन्स म्युझियममध्यें जतन केलेलें आहे. त्याचा तो उभा पंख बाहेरून इतर पंखांसारखाच दिसतो.