ईमेल आणि ग्रुपवरचे शिष्टाचार: 'सेंड' दाबण्याआधी काय बघायचं?

समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याचा एक विद्यार्थी पुण्यातल्या कॉलेजला ईमेल पाठवतो. जातवैधता प्रमाणपत्र जोडलंय, पण विषयाची ओळ रिकामी, खाली नाव नाही आणि फाइलचं नाव 'स्कॅन००१'. रोज ढीगभर मेल येणाऱ्या क्लार्कने हा कोणाचा समजायचा? प्रवेशाची मुदत मात्र थांबत नाही.

पत्राचे मायने आपल्याकडे ठरलेले होते. 'स.न.वि.वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. लिहायचं राहिलेलं 'ता. क.' मध्ये. ईमेलचा मायना छोटा आहे, पण आहे. विषयात नेमकं काम लिहा: 'बीएससी प्रथम वर्ष प्रवेश, जातवैधता प्रमाणपत्र' आणि पुढे अर्ज क्रमांक. मग 'महोदय/महोदया', दोन-तीन वाक्यांत म्हणणं, शेवटी पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. 'हाय सर' ओळखीतल्या सरांसाठी ठेवा.

मराठीची एक वेगळीच अडचण आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज, समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर निव्वळ अगम्य चिन्हं होऊन उघडतो. त्यामुळे युनिकोडमध्येच लिहा, नाहीतर पीडीएफ पाठवा.

'सीसी' म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरच्या काळातला शब्द. त्यातले पत्ते सगळ्यांना दिसतात, 'बीसीसी'तले दिसत नाहीत. एकमेकांना न ओळखणाऱ्या पन्नास जणांना मेल करताना बीसीसीच वापरा. आणि 'रिप्लाय ऑल' सगळ्यांना खरंच सांगायचं असेल तरच. एकाच्या 'धन्यवाद'साठी पन्नास फोन कशाला वाजवायचे?

यातलं बरंच काही जुनं आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये 'आरएफसी १८५५' नावाची इंटरनेट शिष्टाचारांची मार्गदर्शिका आली. रागात लिहिलेलं उत्तर एक रात्र थांबून पाठवा, पोस्टकार्डावर लिहिणार नाही ते ईमेलमध्येही लिहू नका, असे सल्ले त्यात आहेत. सगळी मोठी अक्षरं म्हणजे ओरडणं, हेही. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, पण आपण ती कसर पाच उद्गारचिन्हांनी भरून काढतो!

ग्रुपवर चूक महाग पडते. नंदुरबारला लागूनच असलेल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. 'खरं की खोटं माहीत नाही, पण सावध राहा' असं लिहून पाठवलं तरी अफवा पुढे जातेच. माहीत नसेल तर पाठवूच नका.

ॲडमिनचं काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू दिसायला हवा. पण मेसेज डिलीट करणं, सदस्याला काढणं आणि तणावाच्या वेळी 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' हे सेटिंग लावणं ॲडमिनच्या हातात असतं.