उशिरा पोचलेला शब्द

आमच्या संस्थेतले जुने दूरध्वनी काढून संगणकाच्या जाळ्यावर चालणारे नवे बसवले, त्याच आठवड्यात वीज गेली आणि मजल्यावरचे सगळे फोन मुके झाले. जुन्या फोनला ईपीएबीएक्सकडून तारेतूनच वीज मिळे आणि त्या यंत्राला स्वतःची बॅटरी असे. नव्या फोनला वीज पुरवणाऱ्या स्विचला बॅटरी लावायचे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. आम्हीही त्यात आलोच.

इंटरनेट आधी पत्रांसाठी झाले आणि आवाज मागाहून आला, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवर ऑगस्ट १९७४ मध्येच बोलणे झाले होते. एक टोक कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत, दुसरे मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन प्रयोगशाळेत. या कामात डॅनी कोहेन पुढे होते.

साध्या दूरध्वनीत संभाषण संपेपर्यंत दोन टोकांमधली वाट राखून ठेवलेली असते, मग कोणी बोलो वा गप्प राहो. आर्पानेटवर अशी राखीव वाट नव्हती. माहितीचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, पत्ता घेऊन सुटे निघत. त्यात दूरध्वनीच्या रूढ पद्धतीने आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजून प्रत्येक मापाला ८ बिट दिले, तर सेकंदाला ६४,००० बिट होतात. आर्पानेटच्या तारा होत्या ५०,००० बिटांच्या! म्हणून आवाज आधी दाबून लहान करावा लागला.

खरी अडचण वेगळीच होती. समजा, एक मजकूर दहा पोस्टकार्डांवर लिहून पाठवला आणि चौथे कार्ड हरवले. मजकूर महत्त्वाचा असेल तर आपण ते पुन्हा मागवू आणि तोवर पुढची कार्डे बाजूला ठेवू. त्या काळी आकार घेत असलेली टीसीपी ही नियमावली असेच करी. बोलण्याला मात्र हे चालत नाही. एका सेकंदाचा पन्नासावा भाग गळला तर कानाला फारसे कळत नाही. पण त्याच्यासाठी थांबले की संभाषण अडखळते. एका बाजूचा विलंब साधारण १५० मिलिसेकंदांपलीकडे वाढत गेला, की माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. उशिरा पोचलेला शब्द न पोचल्यासारखाच.

कोहेन यांनी हा मुद्दा लावून धरला. अखेर १९७८ मध्ये टीसीपीचे दोन भाग करण्यात आले. तुकडे पोचवण्याचा प्रयत्न आयपीने करायचा. हरवलेले पुन्हा मागवण्याचे काम टीसीपीचे, आणि तेही ज्यांना हवे त्यांच्यापुरते. ‘टीसीपी/आयपी’ ही संज्ञा विद्यार्थी पाठ करतात. तिच्यातल्या तिरक्या रेघेमागे आवाजाचा हा हट्ट आहे.

कार्यालयात हे तंत्र यायला आणखी वीस वर्षे लागली. अमेरिकेत अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या नव्या कंपनीसाठी ईपीएबीएक्ससारखे यंत्र परवडेना. त्याने १९९९ मध्ये ते काम साध्या संगणकाकडून करून घेणारी ‘ॲस्टरिस्क’ ही आज्ञावली लिहिली आणि सर्वांना खुली केली. अशा व्यवस्थेत एक्स्टेन्शन म्हणजे तारांची जोडी राहत नाही, संगणकातली एक नोंद होते. भारतात इंटरनेट दूरध्वनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, तीही मर्यादित.

आमचे लेखापाल दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर गेले तेव्हा फोन स्वतःच उचलून घेऊन गेले. क्रमांक तोच राहिला. आणि स्विचला आता बॅटरी आहे.