जवाच्या घरातलं अणुकेंद्र

अणुभौतिकीच्या कोष्टकांत क्षेत्रफळाचं एक एकक भेटतं: बार्न. इंग्रजीत बार्न म्हणजे शेतावरचं धान्याचं कोठार. अमेरिकेत त्यातच गुरंही बांधतात. आणि हे एकक केवढं? एका चौरस सेंटिमीटरचे एकावर २४ शून्यं इतके तुकडे करा, त्यातला एक तुकडा म्हणजे एक बार्न. एवढ्याशा जागेला कोठार म्हणण्याचा खट्याळपणा परिमाणं ठरवणाऱ्या समितीला सुचला नसता. तो सुचला दोन भुकेल्या भौतिकशास्त्रज्ञांना.

डिसेंबर १९४२. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा कॅफेटेरिया. मार्शल हॉलोवे आणि चार्ल्स बेकर रात्रीचं जेवत बसले होते. घरच्या जेवणाला तेव्हा मुकलो होतो, हेही त्यांनी नंतरच्या अहवालात नोंदवून ठेवलंय. सरकारी कागदात असं वाक्य सापडलं की बरं वाटतं. अणुबाँबच्या कामासाठी मोजमापं चालली होती आणि ‘दहाचा उणे चोविसावा घात’ हे जपमाळेसारखं म्हणून दोघांची तोंडं दुखायला आली होती. सुटसुटीत नाव हवं होतं. आधी थोरामोठ्यांची नावं घेऊन पाहिली. ओपेनहायमर? फार लांब. बेथे? ग्रीक ‘बीटा’शी घोटाळा व्हायचा. तिथल्या कामाचे प्रमुख जॉन मॅन्ली. त्यांचं आडनावही लांबच वाटलं. मग नुसतं ‘जॉन’ का नको? पण अमेरिकन बोलीत जॉन म्हणजे संडास. दोघांपैकी एकाचं बालपण खेड्यातलं, त्यामुळे संडासावरून गाडी थेट कोठारावर गेली. एवढ्याशा कणाच्या हिशेबात हे क्षेत्रफळ म्हणजे कोठाराएवढंच अवाढव्य, हा युक्तिवादही लगेच जुळला. नेम फारच वाईट असेल तर ‘याला कोठाराची भिंतसुद्धा लागायची नाही’ असं अमेरिकेत म्हणतात. इथे बाण म्हणजे न्यूट्रॉन आणि भिंत म्हणजे अणुकेंद्र.

शिवाय शब्द गुप्ततेलाही सोयीचा. शेजारच्या टेबलावर कुणी ऐकलंच, तर दोन गडी शेतीवाडीच्या गप्पा मारतायत असंच वाटणार.

खुद्द ‘बार्न’ची व्युत्पत्ती मला या किश्शाइतकीच आवडते. जुन्या इंग्रजीत ‘बेरे’ म्हणजे जव आणि ‘अर्न’ म्हणजे घर. ‘बेरे-अर्न’ म्हणजे जवघर. शतकानुशतकं जिभेवर घासून दोन शब्दांचा एकच आखूड शब्द उरला. आपल्याकडे पेव वेगळं, कणगी वेगळी, बळद वेगळं. जमिनीखाली साठवता की बांबूच्या पाटीत की भिंतीच्या पोटात, यावर नाव ठरतं. इंग्रजाने धान्यावरून नाव ठेवलं आणि पुढे त्यात गहू, गवत, गाई काहीही भरलं. शेवटी युरेनियमही.

युरेनियमच्या केंद्राचं भौमितिक क्षेत्रफळ पावणेदोन बार्नच्या आसपास येतं, म्हणजे नाव अगदी मापाला बसलं. पण बार्नमध्ये मोजतात तो ‘काटछेद’ ही काही फूटपट्टीने मोजायची गोष्ट नव्हे. एखादी घटना, समजा समोरून येणारा न्यूट्रॉन गिळला जाणं, घडण्याचा संभव किती, याचं ते माप. केंद्र हावरट असलं की कोठार फुगतं. सप्टेंबर १९४४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डची मोठी अणुभट्टी सुरू झाली आणि काही तासांत आपली आपण विझली. काही वेळाने पुन्हा पेटली, पुन्हा विझली. चोर निघाला झेनॉन-१३५. विखंडनातूनच तयार होणारं हे केंद्र आकाराने सव्वा बार्नचं, पण मंद न्यूट्रॉनसाठी त्याचा काटछेद सुमारे २६ लाख बार्न. ग्रीकमध्ये ‘झेनॉस’ म्हणजे परका, पाहुणा. घरात शिरलेल्या या पाहुण्याने सगळे न्यूट्रॉन फस्त केले. अभियंत्यांनी गरजेपेक्षा जास्त इंधननळ्यांची सोय आधीच करून ठेवली होती, म्हणून निभावलं.

बार्न रूढ झाल्यावर पुढची विनोदी मंडळी सरसावली. बार्नचा दहा लाखावा हिस्सा म्हणजे ‘आउटहाउस’, परसाकडची खोली. त्याहून कितीतरी बारीक ‘शेड’, अंगणातली अवजारांची खोपटी. दोन्ही कोशांत सापडतात, कामात कुणी वापरत नाही. हे मला बरोबर वाटतं. बार्न अडल्या कामातून जन्मला, हे दोघे नुसत्या कोटीतून. गरज असेल तर मात्र गमतीतलं नावही टिकतं. कणभौतिकीत ‘पेंग्विन आकृती’ म्हणून एक प्रकार आहे. १९७७ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉन एलिस एका पबमध्ये डार्ट्सच्या खेळात पैज हरले. पुढच्या शोधनिबंधात ‘पेंग्विन’ हा शब्द घालायचा अशी शिक्षा होती. त्यांनी एका आकृतीला ते नाव दिलं. ती आकृती फारशी पेंग्विनसारखी दिसत नाही, ओढूनताणून दिसते. तरी नाव टिकलं, कारण त्या आकृतीला नाव लागतच होतं.

निव्वळ कोटीतली एक मात्र मला सोडवत नाही. बार्न हे अतिशय चिमुकलं क्षेत्रफळ, मेगापार्सेक हे आकाशगंगांमधली अंतरं मोजायचं एकक, सुमारे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षं. दोघांचा गुणाकार करा. एकीकडे उणे चोविसावा घात, दुसरीकडे सेंटिमीटरमध्ये अधिक चोविसावा. शून्यं एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात उरतं ३.१ घन सेंटिमीटर. म्हणजे डॉक्टरांनी पोराला ‘एक बार्न-मेगापार्सेक खोकल्याचं औषध’ लिहून दिलं, तर अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त पाजायचं.

आज बार्न सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतही वावरतो, पण उलटा होऊन. किती टकरी नोंदवल्या हे तिथे ‘इन्व्हर्स फेम्टोबार्न’मध्ये सांगतात: एखाद्या घटनेचा काटछेद एक फेम्टोबार्न असेल, तर एका इन्व्हर्स फेम्टोबार्नमागे ती सरासरी एकदा घडावी. २०१२ साली हिग्ज बोसॉन जाहीर झाला, तेव्हा तो शोधणाऱ्या तिथल्या दोन प्रयोगांच्या गाठीला प्रत्येकी दहाएक इन्व्हर्स फेम्टोबार्न जमले होते. यातलं ‘फेम्टो’ आलं डॅनिश-नॉर्वेजियन ‘फेम्टेन’वरून, म्हणजे पंधरा, दहाचा उणे पंधरावा घात म्हणून. आणि डॅनिशमध्ये ‘बार्न’ म्हणजे मूल. कोपनहेगनहून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हा शब्द कसा ऐकू जात असेल, ते त्यालाच विचारायला हवं.