न परतलेल्या माश्या : युरोपातील एका कीटकनाशकबंदीचा इतिहास

१/ १९९० च्या दशकाच्या मध्यास फ्रान्समधील मधपाळ एक विचित्र तक्रार करू लागले. सूर्यफुलाच्या बहरात, म्हणजे ऐन सुगीत, सकाळी पेटीतून निघालेल्या कामकरी माश्या संध्याकाळी परतत नव्हत्या. अनेक ठिकाणी पेट्यांपुढे मृत माश्यांचा खचही नव्हता. माश्या केवळ नाहीशा होत होत्या.

२/ संशयाची सुई वळली ती बियाण्याकडे. त्याच सुमारास सूर्यफुलाच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिडची बीजप्रक्रिया सुरू झाली होती. बायर कंपनीचे हे औषध ‘गाउचो’ या नावाने विकले जाई. ते निओनिकोटिनॉइड गटातले; निकोटिनप्रमाणेच कीटकांच्या मज्जासंस्थेवर परिणाम करणारे.

३/ हे औषध आंतरप्रवाही होते. बियाण्यावरचा लेप रोपाच्या रसात उतरतो आणि संपूर्ण झाडात पसरतो. फवारणी टळत असल्याने ही पद्धत अधिक सुरक्षित मानली गेली. परंतु जो रस पानांत जातो, तोच फुलांतही जातो. त्यामुळे मकरंदात आणि परागकणांत विषाचा अत्यल्प अंश उतरत असे.

४/ येथून वादाला तोंड फुटले. कीटकनाशकाच्या प्रचलित चाचणीत मुख्य प्रश्न एकच असे : किती मात्रेने निम्म्या माश्या मरतात? मात्र माशी न मरता फक्त घराची वाट विसरली, तर? एकटी कामकरी माशी वसाहतीबाहेर फार काळ तग धरत नाही. म्हणजे परिणाम मृत्यूच. पण चाचणीच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

५/ उत्पादकांनी अन्य कारणांकडे बोट दाखवले : व्हॅरोआ हा परजीवी कोळी, विषाणू, हवामान. ही कारणे खोटी नव्हती, आणि त्यामुळेच निवाडा अवघड होता. अखेर जानेवारी १९९९ मध्ये फ्रान्सचे कृषिमंत्री जाँ ग्लाव्हानी यांनी सूर्यफुलावरील ‘गाउचो’चा वापर स्थगित केला. २००४ मध्ये मक्यावरील वापरही थांबला.

६/ या निर्णयाचा आधार होता सावधगिरीचे तत्त्व. हानीची वाजवी शंका असेल, तर संपूर्ण पुरावा हाती येईपर्यंत थांबू नये, असे ते सांगते. १९९२ च्या मास्ट्रिख्त कराराने या तत्त्वाला युरोपच्या पर्यावरण-धोरणात स्थान दिले होते.

७/ २००८ चा वसंत. जर्मनीतील ऱ्हाइन खोऱ्यात मका पेरला जात होता. बियाण्यावरचा क्लोथियानिडिनचा लेप नीट चिकटलेला नव्हता; पेरणीयंत्रांच्या हवेच्या झोताने त्याची धूळ आसपासच्या फुलांवर जाऊन बसली. अकरा हजारांहून अधिक वसाहतींना झळ पोहोचली. या वेळी मृत माश्या सर्वांना दिसल्या आणि जर्मनीने तातडीने वापर रोखला.

८/ २०१२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मिकाएल हेन्री आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सहाशेहून अधिक माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म रेडिओ-खुणा चिकटवल्या होत्या. थायामेथोक्झामचा अल्प अंश पोटात गेलेल्या माश्या पेटीकडे परतण्यात अधिक अपयशी ठरल्या. प्रयोगातील मात्रा जास्त होती, असा आक्षेपही आला. तरीही मधपाळांच्या तक्रारीला आता मोजमाप मिळाले होते.

९/ एप्रिल २०१३. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिघांवर निर्बंध घालण्याच्या प्रस्तावावर मतदान झाले : १५ देश बाजूने, ८ विरोधात, ४ तटस्थ. आवश्यक बहुमत झाले नाही. म्हणून युरोपीय आयोगाने स्वतःच्या अधिकारात निर्णय घेतला. मधमाश्यांना आकर्षित करणाऱ्या पिकांवर डिसेंबरपासून निर्बंध आले.

१०/ विरोध निराधार नव्हता. इंग्लंडमधील मोहरीवर्गीय तेलबियांच्या शेतकऱ्यांना पिसू-भुंगेऱ्यांचा सामना करावा लागला आणि अनेकांना जुन्या पायरेथ्रॉइड फवारण्यांकडे वळावे लागले. एक विष काढले, तर त्याची जागा कोण घेणार, हा प्रश्न बंदीच्या कागदावर सुटत नाही.

११/ तरीही पारडे फिरले. २०१३ मध्ये विरोधात मत देणाऱ्या ब्रिटनने २०१७ मध्ये भूमिका बदलली. एप्रिल २०१८ मध्ये या तिन्ही रसायनांच्या खुल्या शेतातील वापरावर बंदी मंजूर झाली. बंदिस्त हरितगृहांना सूट राहिली. २०१३ च्या निर्बंधांना न्यायालयात आव्हान देणाऱ्या बायरचे अंतिम अपील २०२१ मध्ये फेटाळले गेले.

१२/ पळवाटा उरल्याच. शर्कराकंदासाठी अनेक देश ‘आपत्कालीन परवानगी’ देत राहिले. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले की बंदी घातलेल्या औषधाची प्रक्रिया केलेल्या बियाण्यास अशी परवानगी देता येत नाही.

१३/ पहिल्या स्थगितीपासून खुल्या शेतातील बंदीपर्यंत १९ वर्षे गेली. या बंदीने मधमाश्यांचे सारे प्रश्न मिटले नाहीत. व्हॅरोआ आहे, फुलोऱ्याची माळराने आटत आहेत. बदलला तो प्रश्न. ‘माशी मेली का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘माशी घरी परतली का?’ हेही विचारावे लागते. तो प्रश्न सर्वप्रथम विचारला होता रिकाम्या होत जाणाऱ्या पेट्यांपाशी उभ्या असलेल्या मधपाळांनी.