पश्चिमेच्या जागतिक वर्चस्वाचा उदय : कारणे व परिणाम यांचा पुनर्विचार

प्रस्तावना :

आधुनिक जगाचा इतिहास शिकविताना पश्चिमेच्या वर्चस्वाचा विषय आपण बहुधा दोन प्रश्नांत विभागतो. 'कारणे विशद करा' हा पहिला प्रश्न आणि 'परिणाम सांगा' हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरात प्रबोधन, धर्मसुधारणा, भौगोलिक शोध, वैज्ञानिक क्रांती व औद्योगिक क्रांती अशी मालिका येते. दुसऱ्याच्या उत्तरात वसाहतवाद, गुलामांचा व्यापार, देशी उद्योगांचा ऱ्हास आणि राष्ट्रवादाचा उदय येतो. ही विभागणी अध्यापनास सोयीची असली, तरी तिच्यातून एक समज नकळत रुजतो. सर्व कारणे युरोपच्या आत घडली आणि उर्वरित जगाच्या वाट्याला केवळ परिणाम आले, असा तो समज होय. या मांडणीत युरोप कर्ता ठरतो आणि आशिया, आफ्रिका व अमेरिका ही खंडे केवळ कर्म ठरतात.

ही विभागणी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. पश्चिमेच्या उदयाच्या प्रत्येक टप्प्यावर मागील टप्प्याचा परिणाम हाच पुढील टप्प्याचे कारण झालेला दिसतो.

उद्दिष्टे :

१) पाश्चात्त्य वर्चस्व नेमके केव्हा प्रस्थापित झाले याचा कालनिर्णय करणे.
२) या वर्चस्वाच्या अंतर्गत व बाह्य कारणांचा परस्परसंबंध तपासणे.
३) भारत, विशेषतः महाराष्ट्र, या प्रक्रियेत कोणत्या नात्याने ओढला गेला हे पाहणे.

निबंधासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

प्रमुख मतप्रवाह :

मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांचा संबंध जोडला. विल्यम मॅकनील यांनी १९६३ मध्ये 'द राइज ऑफ द वेस्ट' या ग्रंथात संस्कृतींच्या परस्परसंपर्काला महत्त्व दिले. एरिक विल्यम्स यांनी 'कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी' (१९४४) या ग्रंथात ब्रिटिश औद्योगिक भांडवलाचा मागोवा वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांपर्यंत नेला. केनेथ पोमरँझ यांच्या 'द ग्रेट डायव्हर्जन्स' (२०००) या ग्रंथाने चर्चेला नवे वळण दिले. चीनमधील यांगत्से नदीचा खालचा प्रदेश आणि इंग्लंड यांच्या राहणीमानात अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारसे अंतर नव्हते, असे त्यांनी मांडले. अॅसेमोग्लू, जॉन्सन व रॉबिन्सन (२०२४) आणि जोएल मोकिर (२०२५) यांना मिळालेल्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांमुळे राज्यसंस्थांचे स्वरूप आणि उपयुक्त ज्ञानाचा प्रसार हे दोन घटक पुन्हा केंद्रस्थानी आले आहेत. यांतील कोणतेही एक मत सर्वस्वी त्याज्य नाही. मात्र कोणतेही एक मत पुरेसेही नाही.

चांदी आणि समुद्र (१४९२ ते १७५०) :

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, तेव्हा त्याने आणलेल्या भेटवस्तू झामोरिनच्या दरबारी उपहासाचा विषय झाल्या. आशियाच्या बाजारात विकता येईल असे युरोपकडे फारसे काही नव्हते. पोर्तुगिजांनी गोवा (१५१०), मलाक्का (१५११) व होर्मुझ (१५१५) ही ठाणी घेतली ती तोफा बसविलेल्या जहाजांच्या बळावर. ते व्यापाराचे मालक झाले नाहीत. समुद्रावर परवान्याची, म्हणजे कार्ताझची, सक्ती करून ते जकात वसूल करणारे झाले.

ही उणीव अमेरिकेने भरून काढली. १५२१ मध्ये मेक्सिकोतील अॅझ्टेक राजधानी पडली, १५३२ मध्ये इंका सम्राट अताहुआल्पा कैद झाला. या विजयांत पोलादी शस्त्रांइतकाच देवीसारख्या साथींचा वाटा होता. १५४५ मध्ये पोतोसी येथे चांदीचा प्रचंड साठा सापडला आणि १५७० च्या दशकात तेथे स्थानिक जनतेवर खाणकामाची वेठ लादण्यात आली. ही चांदी सेव्हिलमार्गे युरोपात आणि १५७१ पासून मनिलामार्गे थेट चीनमध्ये जाऊ लागली. चीनमधील करवसुली चांदीत होऊ लागल्याने तेथे तिला मोठी मागणी होती. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनी (१६००) व डच कंपनी (१६०२) यांनी आशियात मिरी, कापड व रेशीम घेतले ते मुख्यतः या चांदीच्या मोबदल्यात. अमेरिकेतील विजयाचा परिणाम असलेली चांदी आशियातील युरोपीय प्रवेशाचे कारण ठरली.

तरीही १७५० पूर्वीच्या या प्रवेशाला वर्चस्व म्हणता येत नाही. अँगस मॅडिसन यांच्या अंदाजानुसार १७०० मध्ये जागतिक उत्पादनात भारताचा वाटा सुमारे २४ टक्के, तर चीनचा व पश्चिम युरोपचा प्रत्येकी सुमारे २२ टक्के होता. लष्करी चित्रही असेच होते. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी संयुक्तपणे कुलाब्यावर केलेली स्वारी आंग्र्यांनी परतवून लावली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकून उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आणली. १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रज फौजेला मराठ्यांशी तह करावा लागला. युरोपचे श्रेष्ठत्व १४९८ पासून अखंड वाढत गेले हे कथन या घटनांपुढे टिकत नाही.

राज्यसंस्था, कर्ज आणि कंपनी :

केवळ चांदी व वसाहती पुरेशा असत्या, तर पहिले औद्योगिक राष्ट्र स्पेन किंवा पोर्तुगाल झाले असते. तसे झाले नाही. म्हणून अंतर्गत कारणांकडे वळावे लागते. युरोपात एकछत्री साम्राज्य नव्हते. सततच्या युद्धांमुळे प्रत्येक राज्याला सैन्य, आरमार आणि त्यांसाठी पैसा उभा करणे भाग होते. या स्पर्धेत नेदरलँड्स व इंग्लंड यांनी सार्वजनिक कर्जाचे तंत्र विकसित केले. १६०९ मध्ये अॅमस्टरडॅम बँक स्थापन झाली. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर इंग्लंडमध्ये राजाच्या कर्जाला पार्लमेंटने मंजूर केलेल्या करांचे तारण मिळाले. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने सरकारला १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने दिले. याउलट फ्रान्सचा राजकोष १७८८ मध्ये दिवाळखोरीला पोहोचला आणि पुढील वर्षी क्रांती झाली.

व्यापार, युद्ध आणि कर्ज या तिन्ही गोष्टी एका संस्थेत एकवटल्या ती संस्था म्हणजे सनदी कंपनी. भागधारकांचे भांडवल वापरून तिला किल्ले बांधता येत, फौज ठेवता येत असे आणि तहही करता येत असे. भारतात धनको आणि व्यापारी यांची वाण नव्हती. हुंडीचे जाळे देशभर पसरलेले होते. परंतु सावकाराचे भांडवल आणि राजसत्तेचे ऋण यांना बांधणारी, राजा बदलला तरी टिकणारी अशी संस्था येथे निर्माण झाली नाही. पेशवाईच्या उत्तरार्धातील कर्जबाजारीपणा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

बंगालची दिवाणी :

या प्रक्रियेतील निर्णायक वळण म्हणून १७६५ या वर्षाकडे पाहावे लागते. प्लासीच्या लढाईनंतर (१७५७) आठ वर्षांनी बादशहा शाह आलम याने कंपनीला बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी दिली. तोपर्यंत कंपनी चांदी देऊन माल घेत होती. यापुढे बंगालच्या रयतेकडून वसूल केलेल्या साऱ्यातूनच बंगालचा माल खरेदी होऊ लागला. हिशेबात तिला 'गुंतवणूक' म्हटले जाई. १७७० च्या दुष्काळात बंगालची सुमारे एक तृतीयांश प्रजा मृत्युमुखी पडली, असा समकालीन अंदाज होता. तरीही १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ हून अधिक झाल्याचे स्वतः वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये कळविले.

याच महसुलावर, आणि त्याच्या भरवशावर भारतीय सावकारांनी दिलेल्या कर्जावर, कंपनीने हिंदी शिपायांची कवायती फौज उभी केली. १८०३ च्या असईच्या लढाईत शिंद्यांचा तोफखाना कमी प्रतीचा नव्हता. वेलस्लीच्या फौजेची फार मोठी हानी झाली. परंतु वेळेवर पगार देऊन फौज दीर्घकाळ रणात ठेवण्याची आर्थिक शक्ती कंपनीपाशी अधिक होती. शिंद्यांच्या पदरचे अनेक युरोपीय अधिकारी त्याच वर्षी कंपनीला जाऊन मिळाले. बंगालवरील वर्चस्वाचा परिणाम असलेला महसूल मराठ्यांच्या पराभवाचे कारण झाला.

कोळसा आणि कापूस :

इंग्लंडमधील यंत्रोद्योगाच्या मुळाशीही हाच गुंता आहे. भारतीय छापील कापडाच्या लोकप्रियतेने इंग्रज विणकर हवालदिल झाले. तेव्हा पार्लमेंटने १७०० व १७२१ च्या कायद्यांनी त्याची आयात व वापर यांवर निर्बंध घातले. या संरक्षणाच्या आडोशाला इंग्लंडचा सुती उद्योग वाढला. भारतीय कारागिराच्या कौशल्याशी स्पर्धा करण्याच्या निकडीतून यंत्रशोधांना चालना मिळाली, हे प्रसन्नन पार्थसारथी यांनी दाखविले आहे. १७१२ चे न्यूकॉमेनचे वाफेचे यंत्र कोळशाच्या खाणीतील पाणी उपसण्यासाठी होते. जेम्स वॉट याने १७६९ मध्ये आपल्या सुधारणेचे पेटंट घेतले. रॉबर्ट अॅलन यांच्या मते मजुरी महाग आणि कोळसा स्वस्त अशी स्थिती असल्याने यंत्राचा वापर ब्रिटनमध्येच प्रथम किफायतशीर ठरला. कारागीर व शास्त्रज्ञ यांच्यातील संपर्क, प्रयोगांची आवड आणि ग्रंथांचा प्रसार यांचे श्रेयही मान्य केले पाहिजे.

मात्र या गिरण्यांचा कच्चा माल ब्रिटनच्या भूमीत पिकत नव्हता. १८६१ पूर्वी ब्रिटनच्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामांच्या श्रमातून येत होता. अटलांटिकपलीकडे नेण्यासाठी जहाजांत कोंबलेल्या आफ्रिकी लोकांची एकूण संख्या सुमारे सव्वा कोटी होती. १८३० मध्ये या कापसाइतका धागा लोकरीतून मिळवायचा असता, तर मेंढ्यांसाठी सुमारे २ कोटी ३० लाख एकर कुरणे लागली असती, असे पोमरँझ यांचे गणित आहे. ही जमीन ब्रिटनपाशी नव्हती. ती समुद्रापलीकडे होती.

एकोणिसाव्या शतकातील परिणाम :

वर्चस्व या शब्दाचा पूर्ण अर्थ जगाला एकोणिसाव्या शतकात कळला. पहिल्या अफूयुद्धात (१८३९-४२) लोखंडी आगबोटींसमोर चीनला शरण जावे लागले व नानकिंगच्या तहाने पाच बंदरे खुली करावी लागली. या अफूपैकी माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे आणि मुंबईच्या प्रारंभीच्या व्यापारी वैभवात तिचा वाटा होता. गुलामगिरी रद्द करताना (१८३३) ब्रिटनने २ कोटी पौंडांची भरपाई गुलामांना नव्हे, तर मालकांना दिली. गुलामांची जागा घेण्यासाठी १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर मॉरिशसला जाऊ लागले. तेथील मराठी समाजाचे मूळ याच स्थलांतरात आहे. बर्लिन परिषदेने (१८८४-८५) आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरविले. त्या परिषदेत आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता.

या नव्या जगाचे धागे खेड्यापर्यंत कसे पोहोचले याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरचा पुरवठा तुटला, तेव्हा वऱ्हाड व खानदेशच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, दख्खनमध्ये सावकारी पतही सैल झाली. युद्ध संपताच भाव कोसळले व १८६५ मध्ये मुंबईचा शेअर बाजार बुडाला. पुढे जमिनीच्या फेरपाहणीत सारा वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जखते जाळली. दख्खनच्या दंग्यांची कारणे एकाच घटकात शोधता येत नाहीत. तथापि सुप्याच्या कुणब्याच्या कर्जखताचा अमेरिकेतील युद्धाशी संबंध असू शकतो, ही स्थिती शंभर वर्षांपूर्वी कल्पनेपलीकडची होती.

वर्चस्वाने स्वतःच्या टीकेची साधनेही पुरविली. दादाभाई नौरोजी यांनी ब्रिटिशांचीच आकडेवारी वापरून संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त मांडला. न्यायमूर्ती रानडे यांनी पाश्चात्त्य अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सारखेच लागू पडतात हे गृहीतक नाकारले. १८६८ नंतर जपानने पाश्चात्त्य तंत्र व राज्ययंत्रणा आत्मसात केली आणि १९०५ मध्ये रशियाचा पराभव केला. या घटनेचे आशियाभर पडसाद उमटले. ही साधने युरोपीय वंशाची खासगी मालमत्ता नव्हती, हे त्यातून सिद्ध झाले.

निष्कर्ष :

१) पाश्चात्त्य वर्चस्व हे पाचशे वर्षांचे नसून मुख्यतः १७५० नंतरचे आहे.

२) अंतर्गत कारणे खरी आहेत, पण सार्वजनिक कर्ज, सनदी कंपनी व यंत्रोद्योग यांना अमेरिकेची चांदी, आफ्रिकेचे श्रम आणि बंगालचा महसूल यांची जोड मिळाली नसती, तर त्यांचे जागतिक वर्चस्वात रूपांतर झाले नसते.

३) केवळ लुटीचे कथनही अपुरे आहे. स्पेनचे उदाहरण ते दाखविते. शिवाय अशा कथनात आपल्याकडील संस्थात्मक उणिवांची चिकित्सा टळते.

४) म्हणून 'कारणे' व 'परिणाम' हे दोन स्वतंत्र प्रश्न न विचारता, एका भूभागातील परिणाम दुसऱ्या भूभागात कारण कसा झाला, असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अधिक उचित ठरेल.

मॅडिसन यांच्याच अंदाजानुसार १९५० मध्ये जागतिक उत्पादनात भारताचा वाटा सुमारे ४ टक्क्यांवर आला होता. जागतिक उत्पादनाचा गुरुत्वमध्य आज पुन्हा आशियाकडे सरकत आहे. पश्चिमेचा उदय तिच्या अंगभूत श्रेष्ठत्वाने झाला असे शिकविले, तर आशियाचा उदयही अंगभूत श्रेष्ठत्वाचाच पुरावा मानला जाण्याचा धोका संभवतो. इतिहासाच्या अध्यापकाने हे दोन्ही भ्रम टाळण्यास विद्यार्थ्याला समर्थ करणे अगत्याचे आहे.